पडलेली फुले वेचू नयेत

कोणत्याही गावच्या बगीच्यात गेलो की मी आधी पाटी वाचतो, झाडं मागाहून. नातवंडं हसतात. म्हणतात, आजोबा, बगीच्यात पाटी वाचायला कोणी येतं का? मी येतो. सारी नोकरी नगरपालिकेच्या बगीच्यांची देखरेख करण्यात गेली. 'फुले तोडू नयेत', 'गवतावर चालू नये', 'बाकावर आडवे होऊ नये' अशा किती पाट्या रंगवून घेतल्या त्याचा हिशेब नाही. पण एक पाटी माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघालेली होती. तशी दुसरी मी पुढं कुठं पाहिली नाही, आणि दिसायलाही नको.

संपादकांनी नोकरीतले गमतीचे अनुभव मागितले होते. सुरुवात गमतीनंच करतो, पुढं जमेल तसं.

लोकांना वाटतं, बगीचावाल्याचं काय, फुलांत बसायचं आणि पगार घ्यायचा. एकदा उन्हाळ्यात येऊन पाहा म्हणावं. विहिरीला पाणी नसतं, मोट ओढणारा बैल आरोग्य खात्यानं कचऱ्याच्या गाडीला जुंपलेला असतो, आणि कुंपणाच्या एका भोकातून साऱ्या गावच्या बकऱ्या आत. त्यातली एखादी कांजीहौसात, म्हणजे कोंडवाड्यात, घालावी तर ती नेमकी नगरपालिकेच्या मेंबरची निघते. मेंबर लोकांचं तर विचारूच नका. एकाच्या घरी रोज सकाळी जास्वंद लागे. दुसऱ्याच्या जावयानं बाकावर स्वतःचं नाव कोरलं होतं, तर हे सासरे मलाच विचारत, की बाबू, अक्षर कसं आहे? एक निवृत्त नायब तहसीलदार रोज फिरायला येत आणि रोज लेखी तक्रार देऊन जात. बाक पश्चिमेला तोंड करून आहे, तुळशीजवळ कर्दळ लावली आहे, माळी मला पाहून उभा राहत नाही. मी त्यांच्या तक्रारींची वेगळी फाइल केली होती. माझा स्वभाव तेव्हा तापट. समोर कोणी असला की वाजायचंच.

गावाचं नाव लिहीत नाही. जुन्या चांदा जिल्ह्यातलं, वैनगंगेकडच्या जंगलाला पाठ लावून बसलेलं गाव. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता आणि प्रांताची राजधानी अजून नागपूरलाच होती. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेलेली. मालगुजाराची तळ्याकाठची पडीक जागा सरकारजमा झाली आणि सार्वजनिक बगीच्यासाठी नगरपालिकेला मिळाली. मी वर्ध्याकडचा मॅट्रिक पास माणूस, कच्च्या नेमणुकीवर बगीचा ओव्हरसियर म्हणून रुजू झालो. वर्षभरात बगीचा उभा करायचा, नागपूरच्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन करायचं, मग नोकरी पक्की, असं अध्यक्षांनी तोंडी सांगितलं होतं.

मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. कर्दळीचे वाफे झाले, घसरगुंडी आली, पाळणे आले. जागेवर चार मोहाची झाडं जुनीच होती, ती सावलीसाठी ठेवली. मोह ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. फागुन-चैतात ह्या झाडाची पानं झडतात आणि पहाटेपासून फुलं टपटप गळू लागतात. पिवळसर पांढरी, द्राक्षाएवढी, रसानं भरलेली. आम्हा बाहेरच्यांना मोह म्हटलं की दारू, एवढंच ठाऊक. मलाही तेवढंच ठाऊक होतं.

त्या चैतात एका सकाळी मी दात घासत होतो, तर चौकीदार सोनबा पळत आला.

"बाबूजी, चला. बगीच्याले आग लागली."

मी तसाच धावलो. पाहतो तर खरंच धूर. चार झाडांतल्या सगळ्यात मोठ्या मोहाखाली पाला जळत होता आणि एक म्हातारी बाई ओली फांदी घेऊन जाळ हवा तिकडं हाकलत होती. कर्दळीचा वाफा तिथून वीस हातांवर. बादलीभर पाणी त्या जाळावर ओतलं आणि मग तिच्यावर तोंड सोडलं. काय बोललो ते इथं छापण्यासारखं नाही.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "जमीन साफ करून राह्यली जी. पाला राह्यला त फुल दिसत नाई ना."

ही मैनाबाई. तळ्यापलीकडच्या गोंड वस्तीतली, नवरा मेलेला, मुलगा दूर मजुरीला गेलेला, घरात सून आणि दोन नातवंडं. सोनबा तिला ओळखत होता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबूजी, हे झाड तिचं हाय. मी म्हटलं, जागा नगरपालिकेची आणि झाड तिचं कसं? तर म्हणे, मालगुजाराच्या वेळेपासून तसंच आहे. जमीन कोणाचीही असो, मोहाचं झाड घराण्याचं. सासऱ्यानं वेचलं, नवऱ्यानं वेचलं, आता ती वेचते. मालगुजारही त्याला हात लावत नसे. झाडाला नावसुद्धा होतं, गोडी. बाकीच्या तीन झाडांचेही हक्कदार होते, पण त्यांची जंगलात आणखी झाडं होती, बगीच्याचं कुंपण पाहून ते तिकडं गेले. मैनाबाईकडं हे एकच.

मी तिला पाटीजवळ नेलं आणि वाचून दाखवलं, 'फुले तोडू नयेत.'

"तोडत कुठी हाय जी? पडलेले येचून राह्यली."

सोनबा गालात हसला. मला तेच झोंबलं. चौकीदारासमोर एक अडाणी बाई आपल्याला कायदा शिकवते म्हणजे काय? त्याच दिवशी पेंटरला बोलावून पाटीवर खाली एक ओळ वाढवली, 'पडलेली फुले वेचू नयेत.' आणि झाडूवाल्यांना हुकूम दिला, की उजाडल्याबरोबर चारी मोहांखालची फुलं झाडून मागच्या कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात टाकायची, वरून माती ओढायची. बगीच्यात दारूचा माल नको, हे माझं कारण. ह्या युक्तीचा मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

मैनाबाई दुसऱ्या दिवशी आली, पाहून गेली. तिसऱ्या दिवशी कुंपणाबाहेरून मला हाक मारली.

"बाबूजी, मले नका देऊ. पण फुल एका जागी साचवू नका. अस्वल येते."

मी म्हटलं, "गावात अस्वल येत नसतं."

"येत नोहतं. पहाटे आमी राहो, आग राहे, धूर राहे. आता कोनी नाई. अन् खड्ड्यात त त्याले आयतं ताट वाढून ठेवलं तुमी."

मला वाटलं, भीती घालून फुलं लाटायचा डाव आहे. मी तिला जायला सांगितलं. तेव्हा मी तिला 'तू' म्हणत असे, हेही लिहून ठेवतो.

सात-आठ दिवस गेले. खड्ड्याला आंबूस वास सुटला. कचऱ्याच्या गाडीचा बैल दोनदा तिकडं ओढ घेऊन गेला, त्यावर आम्ही कचेरीत खूप हसलो. उद्घाटन दहा दिवसांवर आलं होतं.

आणि एका सकाळी, अजून पुरतं फटफटलं नव्हतं, सोनबा माझ्या दारात आला. त्याच्या हातात रॉकेलचा रिकामा डबा होता, बडवून बडवून चेपलेला. मी त्याच्या मागं गेलो.

मैनाबाई खड्ड्याच्या काठावर पडली होती. डोक्याची कातडी एका बाजूनं सुटून कानावर आली होती आणि डावा हात खांद्यापासून कसा होता ते मी सांगू शकत नाही. शुद्धीवर होती. सोनबा म्हणाला, अस्वल खड्ड्यात तोंड घालून खात होतं, अंधारात तिला दिसलं नाही. डबा वाजवला तेव्हा ते तळ्याकडं गेलं.

तिची टोपली शेजारी होती. आत दोन मुठी फुलं. मी टाकवलेल्या मातीतून तिनं एकेक वर काढून, पदरानं पुसून ठेवलेली. इतकी वर्षं झाली, पण कोणी अस्वल म्हटलं की मला अस्वल आठवत नाही, ती पुसलेली फुलं आठवतात.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वाचेल, हाताचं सांगता येत नाही. दुपारी अध्यक्षांनी बोलावलं. ते चिंतेत होते, खोटं का बोलू, बाईचीही चिंता त्यांना होती. पण म्हणाले, "बाबू, साहेब येऊन राह्यले. रिपोर्ट लागन. नीट लिहा."

नीट म्हणजे कसं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कचेरीत बसून मी लिहिलं, 'सदर स्त्री मोहाच्या झाडाखाली फुले वेचीत असता फुलांच्या वासाने आलेल्या अस्वलाने तिजवर हल्ला केला.' खड्ड्याचा उल्लेख नाही. खड्डा आला असता तर तो कोणी भरवला हे आलं असतं, आणि महिनाअखेरीला माझी नेमणूक पक्की व्हायची होती. मग शाईची उशी घेऊन दवाखान्यात गेलो. त्याच मजकुराचा तिचा जबाब केला होता, आणि जबाबावर अंगठा लागतो. तिनं उजवा हात पुढं केला.

"वाचून दाखवू का?" मी विचारलं. ती हो म्हणाली असती तर मी काय वाचलं असतं, देव जाणे.

"नको जी. तुमी लिवलं ते बराबरच असन."

अंगठा मी माझ्या हातानं धरून उठवला. तिच्या नखात अजून माती होती.

मी उठणार, तर ती म्हणाली, "गोडीचे फुल कोन येचून राह्यलं?"

डोक्याला पट्ट्या, हात लाकडाच्या फळीला बांधलेला, आणि ही बाई फुलांचं विचारते. मी थक्क झालो. म्हटलं, कोणी नाही.

"आठ-दहा रोजच पडतेत आता. मंग सरलं. सुनेले दिवस हायेत, तिले वाकवत नाई." थोडं थांबून म्हणाली, "पावसाच्या दिवसात घरी दाना नसते, तवा तेच खातो आमी. भाजून, कुटून, जवसासंगं. कोनी येचून देल्लं त त्याचा वाटा राहीन. आमच्यात तसाच कायदा हाय. झाडवाल्याचे दोन वाटे, येचनाऱ्याचा एक."

दारूचा माल म्हणून मी खड्ड्यात टाकत होतो ते तिच्या नातवंडांचं आषाढ-श्रावणातलं जेवण होतं. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली घेऊन मी गोडीखाली गेलो. झाडूवाल्यांचा हुकूम आदल्या दिवशीच रद्द केला होता आणि खड्डा बुजवून घेतला होता. आपल्याच पाटीसमोर ओणवं होऊन फुलं वेचू लागलो. ज्यांनी हे काम केलं नाही त्यांना कळणार नाही. फूल पाल्यात लपतं, बोटांना चिकटतं, लाल मुंग्या मनगटापर्यंत चढतात. घटकाभरात कंबर धरली. ऊन वर येईपर्यंत वेचूनही टोपलीचा तळच झाकला होता. त्या बाईनं हे आयुष्यभर केलं होतं.

तिसऱ्या दिवशी निवृत्त नायब तहसीलदारांनी पाहिलं. काठी टेकून पाटी वाचली, माझ्याकडं पाहिलं, परत पाटी वाचली. दुपारी तक्रार हजर, की खुद्द ओव्हरसियरच नियम मोडतात. ती मी फाइलला लावली.

चौथ्या दिवशी मी स्वतः पाला गोळा करून काडी लावली. सोनबा धावत आला.

"बाबूजी, आग."

"माहीत आहे," मी म्हटलं. "ओली फांदी आण."

त्यानं आणली. मग शेजारी वाकून वेचू लागला. असे नऊ दिवस आम्ही वेचलं. फुलं माझ्या क्वार्टरच्या अंगणात वाळत घातली. सौ. नाक मुरडत होती, पण तिनंच राखणही केली. उद्घाटन झालं, हार झाले, साहेबांनी घसरगुंडीवरून एका मेंबरच्या मुलीला सोडलं. फोटोत मी मागं उभा आहे. फुलांच्या रसानं बोटं काळी पडली होती म्हणून हात पाठीशी धरले आहेत.

मग कमिटीची बैठक झाली. माझा रिपोर्ट वाचला गेला. एक मेंबर म्हणाले, मोहाच्या वासानं जर अस्वल येतं तर हा मुलांचा बगीचा आहे, झाडं ठेवता कशाला? चारही तोडा. सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांचं काय चुकलं? त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावर झाडच दोषी होतं.

अध्यक्ष माझ्याकडं वळले. "बाबू, तुमाले काही सांगाचं हाय?"

एवढंच सांगायचं होतं, की अस्वल झाडाखाली आलं नाही. साठ-सत्तर वर्षं ते झाडाखाली कधी आलं नाही. ते खड्ड्यात आलं आणि खड्डा माझा. तेवढ्यावर गोडी वाचली असती. माझ्या खिशात त्या सकाळी मिळालेलं नेमणूक पक्की झाल्याचं पत्र होतं. मी म्हटलं, "नाही जी."

दोन दिवसांत झाडं पडली. गोडीला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी पाळण्यांच्या कड्या तपासत पलीकडच्या टोकाला उभा होतो. तिथंही कुऱ्हाडीचा आवाज येत होता.

मैनाबाई दवाखान्यातून सुटली तोवर वाळलेली फुलं मी सोनबाबरोबर तिच्या घरी पाठवली होती. मी गेलो नाही. जायला तोंड नव्हतं. वाटलं, आता ती ह्या बाजूला फिरकणार नाही.

चार दिवसांनी ती कचेरीत आली. डोक्यावर फडकं बांधलेलं, डावा हात नुसता लोंबत होता. उजव्या हातानं कमरेवर टोपली धरलेली. बाहेरच्या ओट्यावर बसली, पदर पसरला आणि एका हातानं मापट्यानं मोजून फुलं काढू लागली. दोन मापं टोपलीत राहिली की एक पदरावर. मी उभ्यानं पाहत होतो. तिनं पदराचं टोक माझ्याकडं केलं.

"हा तुमचा वाटा."

"बाई, तुमचं झाड गेलं," मी म्हटलं. कसंबसं म्हटलं.

"गेलं ना जी. पन हे त तुमी येचलं."

मी रुमाल पसरला, तिनं त्यावर ओतलं. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"लोक म्हून राह्यले, अस्वल झाडाखाली आलं म्हून झाड तोडलं. मी त खड्ड्यापाशी होती. तुमी बराबर लिवलं ना जी?"

ओट्यावर सोनबा होता. त्यानं मान फिरवली.

"लिहिलं बाई," मी म्हटलं.

तिनं मान डोलावली. टोपली डोक्यावर घ्यायला उठली, पण त्याला दोन हात लागतात. दुसरा हात मी लावला. ती तळ्याच्या बांधावरून गेली, दिसेनाशी होईपर्यंत मी पाहत राहिलो.

त्या फुलांना घरात कोणी हात लावला नाही. त्या पावसाळ्यात मी एकट्यानं ती भाजून जवसाबरोबर खाल्ली. गोड होती. पाटीवरची दुसरी ओळ मी पुसून टाकली, पण तोवर तिथं वेचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मैनाबाई गेली, सोनबाही गेला. तो रिपोर्ट वाळवीनं खाल्ला असेल. म्हणून त्यातलं एक वाक्य इथं दुरुस्त करून देतो. मैनाबाई झाडाखाली नव्हती. ती खड्ड्यापाशी होती, आणि आपलीच फुलं वेचत होती. ती फुलं त्या खड्ड्यात मी टाकवली होती.